मसाल्याचा चहा

चहाची पूड, दूध, साखर आणि आले, वेलदोडे, गवती चहा यांसारखी सुगंधी द्रव्ये एकत्र उकळून तयार केलेले पेय. पाश्चात्त्य देशांत ‘चाय लाटे’ या नावाने जे पेय लोकप्रिय झाले, त्याचे मूळ यातच आहे. हे पेय भारतात प्राचीन काळापासून चालत आले आहे, अशी समजूत आढळते. आले, तुळस इत्यादींचे काढे घेण्याची प्रथा जुनी आहे, हे खरे. तथापि त्यांत चहाची पूड व दूध यांची भर पडून त्याला आजचे रूप आले ते मुख्यत्वे विसाव्या शतकात होय.

रॉबर्ट ब्रूस यास १८२३ मध्ये आसामात चहाची झाडे वन्य अवस्थेत आढळली आणि १८३९ मध्ये आसाम कंपनी स्थापन झाली. मळ्यांतील बहुतेक चहा निर्यात होई. देशात त्याचे सेवन यूरोपीय व काही शहरी लोक यांच्यापुरतेच मर्यादित होते. चहाच्या प्रसारासाठी निर्यातीवर उपकर बसविणारा कायदा १९०३ मध्ये झाला. या निधीतून पुढे गिरण्या, कारखाने व रेल्वे स्थानके येथे चहाचा प्रचार करण्यात आला.

वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्यात चहाची लागवड होत नाही. परंतु अशा प्रचाराला अनुकूल अशी स्थळे तेथे पूर्वीच निर्माण झाली होती. मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव या स्थानकांवरून १८६७ मध्ये नागपुरास पोचला. जलंब–खामगाव ही सु. १३ किमी. लांबीची शाखा १८७० मध्ये सुरू झाली. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ असल्याने व्यापारी, हमाल, गाडीवान आणि सरकी काढण्याच्या कारखान्यांतील मजूर यांची तेथे वर्दळ असे. थोड्या पैशांत तरतरी देणाऱ्या पेयाला गिऱ्हाईक मिळते ते अशाच ठिकाणी.

प्रचारकांनी शिकविलेली कृती मात्र विक्रेत्यांनी जशीच्या तशी स्वीकारली नाही. पूड कमी घालून दूध, साखर व मसाला वाढविल्यास चहा स्वस्त पडे आणि गिऱ्हाइकासही तो अधिक रुचे. पुडीचा खप घटतो म्हणून मळेवाल्यांच्या संस्थांना ही रीत नापसंत होती. १९३० च्या सुमारास आसामात निघालेल्या सीटीसी यंत्रामुळे दाणेदार, गडद रंगाचा व कडक चहा मिळू लागला. दुधात उकळूनही त्याची चव टिकत असल्याने स्वातंत्र्योत्तर काळात तो सर्वत्र पसरला.

चहा कोणाच्या हातचा घ्यावा, हा प्रश्न महाराष्ट्रात दीर्घकाळ तीव्र होता. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये १८९० साली झालेल्या चहापानावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक प्रभृतींवर धर्मबाह्य वर्तनाचा आरोप होऊन प्रायश्चित्ताचा वाद उद्भवला. रेल्वे स्थानकांवर हिंदू व मुसलमान प्रवाशांसाठी चहाचे विक्रेते वेगवेगळे असत. अनेक गावांतील हॉटेलांत दलितांच्या कपबश्या निराळ्या ठेवल्या जात किंवा त्यांना बाहेरच चहा दिला जाई. संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली व उपाहारगृहांतील प्रवेशास जातीची आडकाठी निषिद्ध ठरविली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने असे वर्तन शिक्षापात्र ठरले. एका कपातून व एका बाकावर बसून चहा घेण्याचा हक्क हा त्यामुळे या पेयाच्या सामाजिक इतिहासाचा महत्त्वाचा भाग आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कॉफीगृहांत मसाल्याच्या चहाचा गोड अर्क व वाफेने फेसाळलेले दूध यांचे मिश्रण ‘चाय लाटे’ म्हणून विकले जाऊ लागले. ‘चाय’ म्हणजे चहा व इटालियन ‘लाटे’ म्हणजे दूध. म्हणजे नावाचा अर्थ दुधाचा चहा एवढाच होतो. या पेयात चहा व दूध शेवटी एकत्र येतात, तर भारतीय कृतीत ते एकाच भांड्यात उकळतात. वेलदोडे, दालचिनी, आले ही द्रव्ये दोहोंत समान आहेत. प्रचारकांना नको असलेले दूध आणि मसाला हीच या पेयाची जगभरची ओळख ठरली.