माजघरातले हिवाळी बिऱ्हाड

अनंत चतुर्दशीला बाप्पांना निरोप दिला की आपल्या ग्वाल्हेरात पावसाचे मोजकेच दिवस उरतात. पितृपक्ष संपून घट बसेपर्यंत हवा कोरडी होते आणि कोजागिरीचे दूध पिताना गच्चीवर अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटू लागते. जुन्या लष्करात याच सुमारास घराची हिवाळी तयारी सुरू व्हायची. आज तयारी म्हणजे दिवाणातून ब्लँकेटे बाहेर काढायची आणि हीटरची वायर तपासायची. आपल्या वाडवडिलांच्या घरांत मात्र या दिवसांत बिऱ्हाडच हलायचे, तेही घरातल्या घरात. त्याची ही थोडी हकीकत.

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. त्याआधी हा तळ फिरता होता. १८०९ साली ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी या छावणीबरोबर हिंडत होता आणि तिथून त्याने लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाली. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या पूर्वजांनी उत्तरेतले पहिले हिवाळे तंबूत काढले असणार. पुढे तळ उठला नाही, तंबूंच्या जागी वाडे आले, आणि गावाला नाव पडले ते लष्कर. शिंदे की छावनी, महाडिक की गोठ, चिटणीस की गोठ या मोहल्ल्यांच्या नावांतून तो तळ अजून आपल्या पत्त्यांवर आहे.

ही मंडळी आली देशावरून आणि कोकणातून. रत्नागिरीला जानेवारीतल्या रात्रीचे सरासरी तापमान १८-१९ अंशांच्या आसपास असते. आपल्याकडे ते ७-८ अंश, आणि एखाद्या रात्री पारा २-३ अंशांपर्यंत घसरतो. वर धुक्याचे दिवस, ज्यांत दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही. शिवाय याच गावात मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. दोन्ही टोके सांभाळणारे घर बांधायचे, हा त्या पिढ्यांपुढचा खरा प्रश्न होता.

तो त्यांनी दोन्हीकडचे घेऊन सोडवला. आराखडा तिकडचा: दिंडी, चौक, ओसरी, सोपा, माजघर, देवघर. सामान इकडचे. पुण्याच्या वाड्यात लाकूड आणि वीट जास्त. इथे ग्वाल्हेरी दगडाच्या खाणी जवळ, म्हणून भिंती दगड-चुन्याच्या, दोन-दोन फूट जाड, आणि डोक्यावर दगडी पटियांची पाटौर. दारा-खिडक्यांवर दगडी तोड्यांचे छज्जे आणि छताजवळ हवेसाठी जाळ्या.

मी स्थापत्यातला पदविकाधारक, सरकारी नोकरीत आहे; नकाशे तपासणे रोजचेच. म्हणून हे गणित मांडतो. २१ जूनच्या दुपारी आपल्याकडे सूर्य जमिनीपासून ८७ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. २२ डिसेंबरच्या दुपारी तो फक्त ४० अंशांवर असतो. दक्षिणेकडच्या भिंतीवर तीन फुटांचा छज्जा असला तर जूनच्या दुपारी सगळी भिंत सावलीत राहते. डिसेंबरच्या दुपारी छज्ज्याखालचा जेमतेम अडीच फुटांचा पट्टा सावलीत जातो, बाकी ऊन खिडकीतून थेट आत येते. आमचे जुने मिस्त्री अंश मोजत नव्हते, पण छज्जा किती काढायचा हे त्यांना ठाऊक होते.

जाड दगडी भिंतीचा स्वभाव मात्र दुधारी. उन्हाळ्यात दुपारची आग आत पोचायला तिला दहा-बारा तास तरी लागतात, हे वरदान. पण हिवाळ्यात ती एकदा गार झाली की गारच राहते. यावर उपाय एकच होता, माणसांनी हलायचे. उन्हाळ्यात खाटा गच्चीवर, पावसाळ्यात ओसरीवर, आणि दिवाळीनंतर सगळे माजघरात. माजघराच्या चारही बाजूंना खोल्या, बाहेरच्या वाऱ्याची भिंत त्याला नाही, शेजारी स्वयंपाकघराची ऊब. दिवसा उलटा क्रम: सकाळी दहा वाजले की म्हातारी माणसे, बाळंतिणी, पोरे सगळी गच्चीवर. लोणच्याच्या बरण्या, ओले केस, शाळेचा अभ्यास, मटार सोलणे, सगळे उन्हात. कोणत्या तासाला ऊन कुठे येते हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असायचे. दक्षिणेकडचे दार आपल्यात अशुभ मानतात, पण पौषात सगळी पाठ करून बसायची ती दक्षिणेकडेच.

या स्थलांतराची तयारी नवरात्रापासून व्हायची. दसऱ्याआधी चुन्याची सफेदी. पाटौरीच्या पटियांचे सांधे पावसाने उकललेले असले तर ते चुन्याने बुजवायचे. मग पिंजारी यायचा. त्याच्या धनुकलीचा टणत्कार गल्लीत ऐकू आला की आमची आजी गेल्या वर्षीच्या रजया उसवायला घ्यायची. दबलेला कापूस पिंजून फुलायचा, एका रजईत तीन-चार किलो; मग पुन्हा भरून दोरे घालायच्या. लोकरीचे कपडे ट्रंकेतून निघायचे, त्यांच्यातली कडुलिंबाची वाळलेली पाने झटकायची आणि दोन दिवस ऊन दाखवायचे. तांब्याचा बंब चिंचेने घासून लख्ख व्हायचा, कारण नरकचतुर्दशीच्या अभ्यंगापासून तो संक्रांत होईपर्यंत रोज पेटायचा. बंबातले निखारे संध्याकाळी शेगडीत जायचे. एक जाळ, दोन कामे.

गोधडी मात्र कोणी सोडली नाही. आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी खाली आणि कापसाची रजई वर, असे आमचे अंथरूण असायचे. खालचा थर देशावरून आलेला, वरचा इथे शिकलेला.

गंमत अशी की आपले सरकारही ऋतूप्रमाणे हलायचे. माधवराव महाराजांच्या काळात शिवपुरी ही संस्थानाची उन्हाळी राजधानी होती. थंडीत कारभार ग्वाल्हेरला. हिवाळ्यातच भरणारा आपला मेळाही त्यांनीच १९०५ साली सुरू केला. पुढे २८ मे १९४८ ला मध्यभारत राज्य झाले, तेव्हा ग्वाल्हेर हिवाळी राजधानी आणि इंदूर उन्हाळी. मोती महालात सचिवालय आणि विधानसभा. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि हे हलणे थांबले. माझ्या खात्यातली जुनी मंडळी त्या फायलींच्या पेट्यांच्या गोष्टी त्यांच्या वरिष्ठांकडून ऐकल्याचे सांगत.

घरांतले हलणे त्यानंतर तीस-चाळीस वर्षे तरी टिकले. ते थांबले वाटण्यांनी. वाड्याचे चार हिस्से झाले की एकाला ओसरी, एकाला माजघर, एकाला गच्ची. ज्याच्याकडे गच्ची त्याच्याकडे ऊन, ज्याच्याकडे माजघर त्याच्याकडे ऊब. दोन्ही कोणाकडेच नाही. आमच्या वाड्याचेही हेच झाले आणि शेवटी तो विकला गेला. कागदावर मोजमाप मीच केले होते. एकेक इंच बरोबर वाटला, पण उन्हाचा हिस्सा त्या कागदावर कुठेच नव्हता.

विकलेल्या जागी चार मजली इमारती येतात. ४० फुटांच्या इमारतीची सावली डिसेंबरच्या भर दुपारी उत्तरेला ४७ फुटांपर्यंत पडते, आणि लष्करातल्या कित्येक गल्ल्या बारा-पंधरा फुटांच्या. म्हणजे समोरचा जुना वाडा न पाडताही त्याचा हिवाळा आपण हिरावून घेतो. फ्लॅटमध्ये गेलेल्यांची अडचण निराळी. माझे वडील आता उत्तरेच्या खोलीत असतात. भिंत नऊ इंची, खिडकी गल्लीकडे. पहिल्या हिवाळ्यात ते सकाळी उठून खुर्ची घेऊन प्रत्येक खोलीत ऊन शोधत फिरायचे, हे मला लक्षात यायला महिना लागला.

याहून गंभीर गोष्ट शेगडीची. जुन्या घरात शेगडी चालायची, कारण छताजवळ जाळी होती, पटियांच्या फटी होत्या, दारे कधी नीट बसत नसत. आजच्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या हवा आत येऊ देत नाहीत. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. दर हिवाळ्यात उत्तरेत कुठे ना कुठे अशी बातमी वाचायला मिळते. न्हाणीघरातल्या गॅस गीझरलाही हेच लागू. आजीची शेगडी घेतली, पण तिची जाळी घेतली नाही, तर घात होतो.

वाडे परत येणार नाहीत, आणि त्यांतल्या सगळ्याच गोष्टी सुखाच्या होत्या असेही नाही; पहाटे बंब पेटवायला उठणाऱ्या बायांना विचारावे. पण हलण्याची रीत आपण ठेवू शकतो. फ्लॅटमध्येही दक्षिणेची एक खोली असतेच. चार महिने ती घरातल्या वडीलधाऱ्यांना द्यावी आणि तरुणांनी उत्तरेला जावे. सोसायटीच्या गच्चीचे कुलूप दहा ते तीन उघडे ठेवावे. खोलीत शेगडी पेटवू नये, आणि पेटवलीच तर निजण्यापूर्वी बाहेर न्यावी. घर बांधणार असाल तर छताजवळ एक जाळी आणि दक्षिणेला तीन फुटांचा छज्जा एवढे नकाशात मागून घ्यावे.

गेल्या दिवाळीत आम्ही खोल्या बदलल्या. मुलाने आधी कुरकुर केली, मग स्वतःच आजोबांची खाट उचलून दक्षिणेच्या खिडकीशी लावली. यंदाही विसर्जन झाले की आधी रजया उन्हात टाकायच्या आणि दसऱ्यानंतर बिऱ्हाड हलवायचे, असे ठरले आहे.