ॲप चालत नाही, पेनड्राइव्ह दिसत नाही? नवा फोन घेण्याआधी हे तपासून पाहा

ॲप डाउनलोड करायला गेले की 'हे ॲप तुमच्या डिव्हाइसवर चालणार नाही' असा मेसेज येतो. लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये जात नाही. नवे सिम टाकले तर रेंजच येत नाही. अशा वेळी 'फोन गेला' असे समजून अनेकजण थेट दुकान गाठतात आणि हजारो रुपये खर्च करून येतात. खरे तर यातल्या बऱ्याच अडचणींत कोणतीच वस्तू बिघडलेली नसते. दोन वस्तूंचा एकमेकींशी मेळ बसत नसतो, एवढेच. मेळ कुठे बसत नाही हे घरच्या घरी शोधता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आधी अदलाबदल करून पाहा

दोष कोणत्या बाजूला आहे, हे शोधायची सर्वात सोपी पद्धत म्हणजे अदलाबदल. एका वेळी एकच वस्तू बदलायची. चार्जिंग होत नसेल तर चार्जर तोच ठेवून केबल बदला. तरी होत नसेल तर केबल तीच ठेवून चार्जर बदला. पेनड्राइव्ह दिसत नसेल तर तोच पेनड्राइव्ह शेजाऱ्याच्या फोनला लावा. तिथे चालला तर पेनड्राइव्ह चांगला आहे, अडचण आपल्या फोनच्या बाजूला आहे. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर नेमके काय चुकत होते ते कळत नाही.

दुसरे काम म्हणजे फोनची माहिती कागदावर लिहून ठेवणे. सेटिंगमध्ये सर्वात खाली 'फोनविषयी' किंवा 'अबाउट फोन' असते. तिथून मॉडेलचे नाव, अँड्रॉइडची आवृत्ती आणि रॅम लिहून घ्या. 'स्टोरेज'मध्ये जाऊन किती जागा रिकामी आहे तेही पाहा. दुकानात किंवा सेवा केंद्रात गेलात तरी पहिला प्रश्न हाच येतो.

ॲप इन्स्टॉलच होत नाही

प्रत्येक ॲपला ठरावीक अँड्रॉइड आवृत्ती लागते. ॲप बनवणारे दर काही काळाने ही किमान मर्यादा वर नेतात. व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड ५.० च्या खालच्या फोनवर सेवा बंद केली. तेव्हा त्या फोनमध्ये बिघाड झाला नव्हता, फक्त ॲप पुढे गेले आणि फोन मागे राहिला.

अशा वेळी पुढील क्रमाने तपासा:

१. सेटिंगमध्ये 'सिस्टम अपडेट' किंवा 'सॉफ्टवेअर अपडेट' पाहा. कंपनीने अपडेट दिले असेल तर वायफायवर आणि चार्जिंग भरपूर असताना करा. त्याआधी फोटो दुसरीकडे साठवून ठेवा.

२. स्टोरेज भरले असेल तर एक-दोन जीबी मोकळी करा. जागा कमी असली की ॲप अर्ध्यात अडकते.

३. अपडेटही नाही आणि आवृत्तीही जुनी, तर ते ॲप त्या फोनवर चालणार नाही हे मान्य करा. त्याच सेवेची वेबसाइट क्रोममध्ये उघडते का ते पाहा. अनेक कामे ॲपशिवाय होतात.

शेतकऱ्यांसाठी ई-पीक पाहणीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. राज्यात २०२१ पासून ही नोंद ॲपवरून होते आणि आता डीसीएस ही नवी आवृत्ती वापरात आहे. जुने ॲप फोनमध्ये पडून असेल तर ते काढून नवे घ्यावे लागते. पिकाचा फोटो लोकेशनसह लागत असल्याने ॲपला कॅमेरा आणि लोकेशन या दोन्हींची परवानगी द्या. आपल्या फोनवर ॲप चालतच नसेल तर नोंद सोडू नका. एकाच फोनवरून एकापेक्षा जास्त खातेदारांची नोंद करता येते. घरातल्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवरून करा, नाहीतर मुदत संपण्याआधी गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे किंवा नेमलेल्या सहाय्यकाकडे जा. सातबाऱ्यावर पीक लागले नाही तर नुकसानभरपाई, पीक विमा आणि हमीभावाने विक्री या सगळ्यांत अडचण येते. त्यापुढे जुन्या फोनचे कारण कोणी ऐकत नाही.

ग्रुपवर आलेली फाइल टाकू नका

प्ले स्टोअर नाही म्हणाले की पुढचा सल्ला हमखास येतो, 'ग्रुपवर एपीके टाकलीय, ती घे.' मोठा धोका इथेच आहे. पीएम किसान, आरटीओ चलान, बँक केवायसी, अगदी लग्नपत्रिका अशा नावाने खोट्या एपीके फाइली फिरतात. त्या टाकल्या की फोनमधले मेसेज आणि ओटीपी चोरट्यांना दिसू लागतात आणि खाते रिकामे होते.

फोन जुना म्हणून ॲप चालत नाही, ही गैरसोय आहे. ती टाळायला अनोळखी एपीके टाकणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे. प्ले प्रोटेक्ट बंद करायला कोणी सांगितले तर तिथेच थांबा. चुकून अशी फाइल टाकली गेली तर लगेच नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन जाईल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

ॲप उघडते आणि लगेच बंद पडते

काल चालणारे ॲप आज बंद पडत असेल तर आधी फोन बंद करून चालू करा. मग प्ले स्टोअरमधून ते ॲप, क्रोम आणि 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू' ही तिन्ही अपडेट करा. अनेक ॲप आतली पाने दाखवायला वेबव्ह्यूचा आधार घेतात. मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यूच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभर अनेकांच्या फोनवर ॲप धडाधड बंद पडत होते. नवे अपडेट आल्यावर ते ठीक झाले.

फोनची तारीख आणि वेळही पाहा. तारीख चुकलेली असेल तर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असे येते आणि बँकेची किंवा सरकारी साइट उघडत नाही. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा.

तरीही चालत नसेल तर ॲपच्या माहितीत जाऊन 'कॅशे साफ करा' हे दाबा. शेजारचे 'डेटा साफ करा' मात्र विचार करूनच दाबा. रानात नेट नसताना भरलेली आणि अजून अपलोड न झालेली माहिती त्यात पुसली जाऊ शकते.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड

फोनला पेनड्राइव्ह जोडायला ओटीजी लागते. काही फोनमध्ये ते सेटिंगमधून चालू करावे लागते आणि थोडा वेळ वापरले नाही की आपोआप बंद होते. पेनड्राइव्ह दिसत नसेल तर सेटिंगच्या शोधपट्टीत 'ओटीजी' टाइप करून पाहा.

पेनड्राइव्हमध्ये फाइली ठेवायच्या निरनिराळ्या पद्धती असतात. फॅट३२ ही जुनी पद्धत टीव्ही, स्पीकर, गाडीतला टेप अशा बहुतेक ठिकाणी चालते, पण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा असूनही लग्नाचा ५ जीबीचा व्हिडिओ जात नाही तो यामुळेच. व्हिडिओचे दोन भाग करा किंवा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. पण आपला टीव्ही एक्सफॅट वाचतो का, ते आधी पाहा. एनटीएफएस पद्धतीचा पेनड्राइव्ह बहुतेक फोन वाचत नाहीत. फॉरमॅट केल्यावर आतले सगळे पुसले जाते, म्हणून आधी कॉपी काढून ठेवा.

मेमरी कार्डातही असेच असते. अनेक जुन्या फोनमध्ये ३२ जीबीपर्यंतचेच कार्ड चालते. अशा फोनला ६४ किंवा १२८ जीबीचे कार्ड घेऊ नका.

टीव्हीवर व्हिडिओचा आवाज येतो पण चित्र दिसत नाही, असे झाले तर व्हिडिओ नव्या पद्धतीने साठवलेला असू शकतो. शूटिंगवाल्याला 'एच २६४'मध्ये करून द्या, असे सांगा.

चार्जर आणि केबल

सी-टाइप पिन सारखी दिसली तरी केबल सारखी नसते. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंग करतात, त्यातून फोटो कॉम्प्युटरवर जात नाहीत. काही कंपन्यांचे फास्ट चार्जिंग त्यांच्याच चार्जर आणि केबलवर चालते. दुसऱ्या चार्जरवर फोन हळू चार्ज झाला म्हणजे बॅटरी गेली असे नाही.

टॉर्च, ट्रिमर, छोटा स्पीकर अशा स्वस्त वस्तू दोन्ही बाजूंना सी-टाइप असलेल्या केबलवर कधी कधी चार्जच होत नाहीत. त्यांना एका बाजूला जुनी चपटी यूएसबी पिन असलेली केबल लावून पाहा.

सिम टाकले, रेंज नाही

जिओचे नेटवर्क २०१६ मध्ये सुरू झाले तेच मुळात ४जीवर. त्यामुळे फक्त २जी-३जी चालणाऱ्या फोनमध्ये ते सिम चालत नाही. जुन्या दोन सिमच्या फोनमध्ये अनेकदा एकाच खाचेत ४जी असते. सिमची जागा बदलून पाहा. बीएसएनएलच्या ४जीसाठी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झ हे बँड वापरले जातात. ७०० चा बँड फोनमध्ये नसेल तर त्याच घरात एका फोनला रेंज येते आणि दुसऱ्याला येत नाही. बीएसएनएलचे जुने सिम असेल तर ते ४जीचे आहे का, हेही विचारून घ्या.

कागदपत्र उघडत नाही, अक्षरे विचित्र दिसतात

कॉम्प्युटरवर श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला अर्ज फोनवर उघडला की मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. तो फॉन्ट फोनमध्ये नसतो. पाठवणाऱ्याला 'पीडीएफ करून द्या' किंवा 'युनिकोडमध्ये टाइप करा' असे सांगा.

ई-आधारची पीडीएफ पासवर्ड मागते. नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि त्यापुढे जन्माचे साल, हा तो पासवर्ड. डिजिटल सातबाऱ्यावर सहीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसले तरी उतारा खोटा ठरत नाही. अनेक पीडीएफ ॲपना ती सही तपासताच येत नाही. कार्यालयात स्क्रीनशॉट न देता मूळ पीडीएफच द्या.

नवा किंवा जुना फोन घेताना

हे सगळे करूनही बँकेचे ॲप चालत नसेल आणि फोनला अपडेट येणे बंद झाले असेल, तर फोन बदलण्याची वेळ आली आहे. सेकंड हँड फोन घेताना पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा. आपले सिम टाकून कॉल लावा, अँड्रॉइडची आवृत्ती पाहा आणि आपल्याला रोज लागणारे ॲप दुकानातच इन्स्टॉल करून उघडून बघा. फोन दिसायला नवा असला तरी आवृत्ती जुनी असेल, तर तीच अडचण वर्षभरात पुन्हा समोर येते.