काठाचे लाकूड

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूल येथे उभी आहे. अजून पाण्यावर तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये ती सर्वांत जुनी. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ती मलबारी सागवानात बांधली, आणि तिच्या दीर्घायुष्याचे कारण विचारले की सागवान हे एकच उत्तर मिळते. मुंबईचा अभिमान बाळगणाऱ्या कोणालाही ते आवडेल, आणि ते खोटेही नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणापायी एक अख्खे कसब आपल्या नजरेआड गेले आहे. लाकडी जहाज टिकते ते त्याचे लाकूड वेळच्या वेळी बदलले जाते म्हणून. उत्तम लाकूड त्या कामाला सवड मिळवून देते, एवढेच. मुंबईच्या गोदीचा मोठेपणाही आधी जहाजे उघडून, सडके काढून, नवे बसवून परत समुद्रात सोडण्याच्या ताकदीत होता. नवी मोठी जहाजे बांधण्याचा मान तिला त्या जोरावर मिळाला, असे माझे म्हणणे आहे.

त्यासाठी जहाज सडते कुठून हे पाहावे लागेल. पाण्यात बुडालेला तळ आधी कुजत असेल असे आपण धरून चालतो. तळाला खरी भीती लाकूड पोखरणाऱ्या किड्याची, आणि तिच्यावर अठराव्या शतकात तांब्याच्या पत्र्याचा इलाज सापडला. खारे पाणी बुरशीला मानवत नाही. म्हणून तर जुने कारागीर फासळ्यांमधल्या पोकळीत मुद्दाम मीठ भरत. बुरशीला हवे असते गोडे पाणी, आणि ते वरून, पावसातून येते. कोकणातल्या कौलारू घराचा वासा पागोळीपाशी आधी सडतो, तसे जहाज सडते ते डेकच्या काठाला. डेक आणि जहाजाची बाजू जिथे मिळतात तिथे सर्वांत जास्त सांधे असतात, सर्वांत जास्त बोल्ट असतात आणि पाणी रेंगाळतेही तिथेच. शिडाच्या लहान नौकांवर याच काठाने एक बुटकी लाकडी पट्टी फिरवलेली असते. नौका कलली की खलाशाचा पाय तिला अडतो आणि माणूस समुद्रात जाण्यापासून वाचतो. तिला टो-रेल म्हणतात. ती बसवताना खाली लांबीचा थर देतात, आरपार बोल्ट किंवा स्क्रू मारतात आणि त्यांच्या डोक्यांवर लाकडाची बुचे ठोकून वरून रंधा फिरवतात. काही वर्षांनी लांबी वाळून तडकते, बूच सैल होते, आणि प्रत्येक स्क्रू हा पावसाचे पाणी आत नेणारा पाट होतो. फायबरग्लासच्या नौकाही यातून सुटत नाहीत, कारण अनेकींच्या डेकच्या पोटात बाल्सा हे हलके लाकूड असते. पट्टी वरून तेलपाणी केलेली, चकचकीत दिसते. खाली काय झाले आहे ते ती उचलल्याशिवाय कळत नाही. बुचे पटाशीने फोडायची, गंजून अडकलेले स्क्रू काढायचे, नवी फळी काठाच्या बाकाबरोबर वाकवत न्यायची, लागली तर वाफ द्यायची, आणि दोन तुकडे जोडताना जाडीच्या आठ ते बारा पट लांबीचा तिरकस सांधा घ्यायचा. काम मोठे नाही, पण ते टाळले तर पुढच्या खेपेला पट्टीबरोबर डेक, आणि त्यानंतर फासळ्या बदलाव्या लागतात. दीडशे फूट लांबीच्या युद्धनौकेचे गणितही हेच होते. फक्त लाकूड जाड आणि हात जास्त.

आता मुंबईच्या गोदीचा क्रम पाहा. लवजी नुसरवानजी वाडिया १७३५-३६च्या सुमारास सुरतेहून सुतार घेऊन मुंबईत आले. १७५० मध्ये इथे पहिली सुकी गोदी तयार झाली, मग तिला जोडून आणखी दोन. मुंबईच्या भरती-ओहोटीतला फरक मोठा, म्हणून भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी सोडायचे आणि दरवाजा बंद करून कोरड्यात काम करायचे, हे इथे जमले. पूर्वेकडच्या समुद्रात वावरणाऱ्या ब्रिटिश लढाऊ जहाजांना युरोपात न परतता तळ उघडून घेता येईल अशी ही जागा होती. ईस्ट इंडिया कंपनीसाठी नवी जहाजे इथे बनत होतीच. पण ब्रिटिश नौदलाने रांगेत उभे राहून लढणारे पहिले जहाज, ‘मिंडेन’, इथून घेतले ते १८१० मध्ये. म्हणजे पहिली सुकी गोदी आणि हे जहाज यांत साठ वर्षे गेली. या साठ वर्षांत वाडियांच्या माणसांनी इंग्लंडमध्ये बांधलेली किती जहाजे आतून पाहिली असतील! कोणता सांधा कुठे दगा देतो हे नकाशावरून शिकता येत नाही. सडलेले लाकूड हातात घेतले की कळते. दुरुस्ती ही त्या गोदीची शाळा होती.

कोकण किनाऱ्याला हे शहाणपण त्याआधीही होते. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत कातळ कापून केलेली मराठा आरमाराची गोदी आहे, आणि तीही भरतीच्या पाण्यावरच चालत असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या सागवानादी लाकडाची तरतूद सांगितली आहे, आणि त्याचबरोबर रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, ही झाडे वाढायला वर्षे लागतात, हेही बजावले आहे. लाकूड पुन्हा पुन्हा लागणार हे ज्याला ठाऊक आहे तोच रान राखण्याची भाषा बोलतो.

सागवानाचा पक्ष घेणारे ‘क्वीन शार्लट’चे उदाहरण देतील, आणि ते बिनतोड आहे. १८१० मध्ये इंग्लंडात पाण्यात सोडलेले हे प्रचंड जहाज कामगिरीवर जाण्याआधीच बुरशीने इतके पोखरले की ते पुन्हा उभारावे लागले. ओकमधले आम्ल लोखंडी बोल्ट खाते. सागवानातले तेल त्यांना जपते. हे सारे मान्य. पण ‘ट्रिंकोमाली’ची सख्खी बहीण म्हणावी अशी, त्याच नमुन्याची ‘युनिकॉर्न’ १८२४ मध्ये चॅटम येथे ओकमध्ये बांधली गेली, आणि तीही आज स्कॉटलंडमध्ये डंडी येथे तरंगते आहे. तिला डोलकाठ्या, शिडे कधी चढलीच नाहीत. सुरुवातीपासून तिच्या डेकवर छप्पर आहे. पाऊस अडवला की ओकही दोनशे वर्षे टिकतो. उलट ‘ट्रिंकोमाली’ सागवानाची असूनही, इंग्लंडला पोचल्यावर बरीच वर्षे छपराखाली ठेवलेली असूनही, पुढच्या काळात अशी खंगली की १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे तिच्या जीर्णोद्धाराला द्यावी लागली. तिचे जवळजवळ दोन तृतीयांश लाकूड मूळचे आहे असे सांगतात, आणि हा आकडा खरोखर थक्क करणारा आहे. पण उरलेला एक तृतीयांश कोणी बदलला नसता, तर हे दोन तृतीयांश आज पाहायला मिळाले नसते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. इतके बदलल्यावर जहाज तेच राहिले का? बोस्टनच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जुन्या युद्धनौकेत १७९७चे लाकूड थोडेच उरले आहे, पोर्ट्समथच्या ‘व्हिक्टरी’चीही तीच कथा. मला वाटते, हा प्रश्न जहाजाला मूर्तीच्या मापाने मोजतो. मूर्ती एकदा घडते. जहाज मात्र पहिल्या दिवसापासून उघडता येईल असे बांधलेले असते: फळी फासळीला चिकटवून टाकत नाहीत, खुंट्यांनी आणि बोल्टांनी धरतात, काठाची पट्टी तर झिजायलाच ठेवलेली. या आक्षेपात खरे आहे ते एवढेच की काढलेल्या लाकडाबरोबर वाकसाचे घाव, सुताराच्या खुणा, जोडाची जुनी रीत हा पुरावाही जातो. त्यावर उपाय आहे: काढण्याआधी मोजणे, चित्र घेणे, नोंद ठेवणे. सडके तसेच ठेवणे हा उपाय होऊ शकत नाही, कारण मग पुरावा आणि जहाज दोन्ही जातात.

आज जुन्या नौकेची टो-रेल बदलणाऱ्याला एक नवी अडचण आहे. जुने, तेलकट, दाट रेषांचे सागवान मिळणे अवघड झाले आहे. २०२१ मध्ये अमेरिका आणि युरोपीय संघाने म्यानमारच्या सरकारी लाकूड उपक्रमावर निर्बंध घातले, आणि लागवडीतल्या कोवळ्या सागवानात ते तेल तितके नसते. अशा वेळी कोणते लाकूड कुठे किती वर्षे टिकले, कोणता सांधा कुठे आधी उघडला, या माहितीची किंमत वाढते. वाडियांनी बांधलेल्या जहाजांच्या याद्या छापल्या गेल्या आहेत. जहाजाचे नाव, वर्ष, तोफा, सगळे त्यांत सापडते. मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला आलेल्या जहाजांची, त्यांच्यात काय सडले होते आणि काय बदलले याची तशीच यादी इतिहासाच्या अभ्यासकांनी दप्तरखान्यांतून काढून मराठीत छापावी.