कुत्र्याचा कान आणि हाडातली कुपी

कुत्र्याचा कान वाहायला लागला की आपण थेंब आणतो. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतंही. पण काहींचा कान वर्षानुवर्षं वाहत राहतो. आजची गोष्ट त्यांची आहे.

आधी रचना बघू. आपल्या कानाची नळी जवळपास सरळ आत जाते. कुत्र्याची मात्र आधी खाली उतरते आणि मग आत वळते. पडद्यापलीकडे मध्यकर्ण, आणि त्याच्या तळाशी हाडाची एक पोकळ कुपी. तिला ‘बुला’ म्हणतात.

माणसाच्या बाबतीत १८७३ साली जर्मनीत हेर्मान श्वार्ट्झे यांनी कानामागचं हाड उघडून पू काढण्याची शस्त्रक्रिया पद्धतशीर मांडली. तत्त्व साधं होतं : पू हाडात असेल, तर हाड उघडायलाच हवं.

प्राण्यांच्या बाबतीत मात्र सुरुवात बाहेरून झाली. १९४९ मध्ये झेप या अमेरिकी पशुवैद्यांनी उभ्या नळीची बाहेरची भिंत कापून खाली दुमडण्याची पद्धत मांडली. कानाला हवा लागते, सफाई सोपी होते. दुखणं वरच्या भागात असेल तर गुण येतो. आत मुरलेलं असेल तर नाही.

मग सगळी नळीच काढून टाकायची, असं ठरलं. पण बुला तशीच राहिली तर काय होणार? आत पू साठतो, त्याला वाट नसते, आणि कानाखाली गळू होऊन फुटतं. म्हणून पुढे दोन्ही कामं एकत्र होऊ लागली : नळी काढायची, बुलाची बाहेरची भिंत उघडायची, आतलं रोगट अस्तर खरवडायचं.

मांजरात तर या कुपीत मधोमध हाडाचा पडदा असतो, म्हणजे खोल्या दोन. मांसाची गाठ वाढली असेल तर बहुधा जबड्याच्या खालून शिरून दोन्ही उघडाव्या लागतात. तिथून डोळ्याकडे जाणारी नाजूक नस जाते. त्यामुळे नंतर काही आठवडे पापणी झुकलेली दिसते. बहुधा ती सावरते.

लोक विचारतात, ‘डॉक्टर, आमचा कुत्रा बहिरा होईल ना?’ त्या कानानं ऐकणं बरंच जातं, हे खरंच आहे. चेहऱ्याच्या नसेलाही धोका असतो. पण अशा कानाला आधीच फारसं ऐकू येत नसतं. उरलेली असते ती वेदना. ती मुळापासून काढायची, तर कुपीपर्यंत जावंच लागतं.