उंबरठा नसलेलं सासर

नवी नवरी घरी येते तेव्हा आपल्याकडे उंबरठ्यावर धान्यानं भरलेलं माप ठेवतात. उजव्या पायानं ते लवंडून ती आत येते. आमच्या मुसलमान घरांतही रुखसतीनंतर नवरीला दारात थांबवतात, तिची नजर उतरवतात. नणंद दार अडवते आणि भावाकडून हक्काचं मागून घेते. रीती निरनिराळ्या, पण दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. सासरला दार असतं आणि दाराला उंबरठा असतो.

आज ज्या नवरा-बायकोची हकीकत सांगणार आहे, त्यांच्या संसाराला दारही नव्हतं आणि उंबरठाही नव्हता. लग्न झालं आणि दिवसांतच त्यांचं बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर आलं. ते खाली उतरायला चार वर्षांहून अधिक काळ लागला. या वाटेवर त्यांना मूल झालं. ते मूल वाटेतच मागं ठेवावं लागलं. आणि तेच मूल पुढं अकबर बादशहा म्हणून जगाला माहीत झालं.

वर्ष १५४१. ठिकाण सिंधमधलं पाट नावाचं गाव. आज ते पाकिस्तानात, दादू जिल्ह्यात आहे. नवरा हुमायून, वय ३३. नवरी हमीदाबानू, वय १४च्या आसपास. हुमायून बाबराचा थोरला मुलगा. १५३० साली तो गादीवर बसला होता, पण शेरखान सूर, म्हणजे पुढचा शेरशाह, यानं त्याला आधी १५३९ मध्ये चौसा इथं आणि मग १५४० मध्ये कनौजजवळ असं हरवलं, की आग्रा गेलं, दिल्ली गेली, लाहोरही सोडावं लागलं. चौशाच्या धुमश्चक्रीत त्याची आठ वर्षांची मुलगी अकीका हरवली, ती पुन्हा सापडली नाही. भाऊ होते, पण कामरान आणि अस्करी यांना थोरल्या भावाशी देणं-घेणं उरलं नव्हतं. असा राज्य हरवलेला राजा सिंधमध्ये आसरा शोधत हिंडत होता. हे त्याचं पहिलं लग्नही नव्हतं.

ही हकीकत आपल्यापर्यंत कशी आली ते आधी सांगायला हवं. साधारण १५८७ साली अकबरानं जुन्या जाणत्यांना सांगितलं, की माझ्या वडिलांच्या काळातलं जे आठवत असेल ते लिहून द्या. हुमायूनला पाणी देणारा चाकर जौहर आफताबची यानं लिहिलं. आणि हुमायूनची सावत्र बहीण गुलबदन बेगम हिनंही लिहिलं. तिच्या पुस्तकाचं नाव ‘हुमायूननामा’. त्याची एकच अपुरी हस्तलिखित प्रत लंडनला आहे. १९०२ साली ॲनेट बेव्हरिज यांनी तिचं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा ती जगापुढं आली. गुलबदन स्वतः त्या वाटेवर नव्हती, ती काबूलला होती. म्हणजे वाटेवरच्या बारीकसारीक गोष्टी तिला कुणीतरी सांगितल्या असणार, आणि ते सांगणं बरंचसं हमीदाचं असणार. नणंद-भावजयीच्या नात्याबद्दल आपल्या जात्यावरच्या गाण्यांनी काय काय म्हणून ठेवलंय ते आपल्याला ठाऊक आहे. इथं मात्र भावजयीची गोष्ट नणंदेनं लिहिली, आणि जिव्हाळ्यानं लिहिली.

हमीदाचे वडील हुमायूनचा धाकटा भाऊ हिंदाल याच्या पदरी होते. घराणं जामच्या अहमद या प्रसिद्ध सूफी संताचं. हुमायून हिंदालच्या आईला, दिलदार बेगमला, भेटायला आला असताना त्यानं हमीदाला पाहिलं आणि मागणी घातली. हिंदाल भडकला. ही मुलगी मला बहिणीसारखी, लेकीसारखी आहे, आणि तुमच्याजवळ तिला द्यायला आहे काय, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. हुमायून रागावून निघून गेला. दिलदार बेगमनं मुलाला खडसावलं आणि बादशहाला चिठ्ठी पाठवून शांत केलं.

पण खरी अडचण हिंदालची नव्हतीच. मुलगीच नाही म्हणत होती. बोलावणं आलं तरी गेली नाही. मुजऱ्यासाठी बोलावलं असेल तर मुजरा मी परवा केलाय, असं तिनं कळवलं. पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा राजाला एकदा भेटणं रीतीला धरून आहे, दुसऱ्यांदा भेटणं नाही, असं तिचं उत्तर होतं. दिलदार बेगमनं समजावलं, की लग्न कुणाशी तरी करशीलच, मग राजाहून चांगला कोण? त्यावर हमीदानं जे सांगितलं ते गुलबदननं जपून ठेवलंय. तिचं म्हणणं असं, की जोडीदार असा हवा, ज्याच्या गळ्यापर्यंत माझा हात पोचेल. ज्याच्या अंगरख्याच्या टोकालाही माझा हात लागणार नाही, असा मला नको.

हे चाळीस दिवस चाललं. शेवटी ती हो म्हणाली.

आमच्यात नवरीच्या होकाराशिवाय निकाह लागत नाही. वकील आणि साक्षीदार आत जाऊन तिला विचारतात, बाहेर मंडळी ताटकळत असतात. तो होकार बहुधा इतका हळू येतो, की शेजारी बसलेल्या बायकांनाच ऐकू यावा. हमीदाचा नकार मात्र चाळीस दिवस साऱ्या छावणीला ऐकू येत होता. मग तिच्या होकाराला किती किंमत द्यायची? चौदा वर्षांची पोर, मागणी घालणारा बादशहा, समजूत घालणारी त्याची सावत्र आई. मी त्याला प्रेमविवाह म्हणणार नाही. पण तिनं काय मागितलं होतं ते लक्षात ठेवू. पुढची सगळी वाट त्या मागण्याशी जोडलेली आहे.

हुमायूनला ज्योतिषाचा फार नाद. ग्रहतारे पाहण्याचं यंत्र हातात घेऊन त्यानं लग्नाची घटका स्वतःच काढली. निकाह झाला, पाटला जेमतेम तीन दिवस मुक्काम झाला, आणि नव्या जोडप्याला घेऊन नाव सिंधूवरून भक्करकडे निघाली. हे हमीदाचं सासरी जाणं.

सिंधच्या शाह हुसेन अर्गूननं हुमायूनला थारा दिला नाही. सेहवानचा वेढा फसला. हिंदालही साथ सोडून कंदाहारकडे गेला. मग १५४२ मध्ये मारवाडच्या राव मालदेवाच्या निरोपावर विसंबून ही मंडळी राजस्थानच्या वाळवंटात शिरली. फलोदीपर्यंत पोचल्यावर कानावर आलं, की मालदेव आपल्याला शेरशाहाच्या हवाली करील. त्याच्या मनात खरोखर काय होतं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण हुमायून मागं वळला, आणि जैसलमेरच्या वाटेनं ऐन उन्हाळ्यात थरचं वाळवंट तुडवत उमरकोटकडे निघाला. वाटेतल्या विहिरी वाळूनं बुजवलेल्या. माणसं तहानेनं मेली, जनावरं मेली. हमीदाला तेव्हा दिवस भरत आले होते.

याच वाटेवरची एक गोष्ट जौहर सांगतो. एका सरदारानं हमीदाला बसायला आपला घोडा दिला होता. तो त्यानं मध्येच परत मागून घेतला. तेव्हा हुमायूननं आपला घोडा तिला दिला आणि स्वतः उंटावर बसला. बादशहानं उंटावर बसणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढं दुसऱ्या एकानं आपला घोडा आणून दिला, तेव्हा तो खाली उतरला.

ऑगस्टमध्ये उमरकोट आलं. तिथल्या सोढा राजपूत राण्यानं त्यांना आसरा दिला. वाळवंट पार करून आलेल्यांना ते गाव स्वर्गासारखं वाटलं असणार. गुलबदन तिथल्या स्वस्ताईचं कौतुक करते. एका रुपयाला चार बकऱ्या! १५ ऑक्टोबर १५४२ रोजी तिथं हमीदाला मुलगा झाला. हुमायून चारच दिवसांपूर्वी फौज घेऊन पुढं गेला होता. बातमी त्याला मुक्कामावर कळली. राजाला मुलगा झाला म्हणजे खजिना उघडायचा, पण खजिना होता कुठं? जौहर लिहितो, की त्यानं कस्तुरीची एक गोळी मागवली, चिनी मातीच्या बशीत फोडली, आणि जमलेल्यांना तिचे कण वाटले.

पुढच्या वर्षी सिंधही सुटलं. मंडळी कंदाहारकडे निघाली. मस्तुंगच्या आसपास बातमी आली, की अस्करी फौज घेऊन भावाला पकडायला येतोय आणि अगदी जवळ पोचलाय. घोडे पुरेसे नव्हते. पुढं हिवाळ्यातले डोंगर. सव्वा वर्षाच्या अकबराला दायांजवळ छावणीतच ठेवायचं ठरलं. हुमायूननं हमीदाला घोड्यावर घेतलं आणि मूठभर माणसांनिशी तो अंधारात निघून गेला. काका पुतण्याला मारणार नाही, एवढाच भरवसा. अस्करीनं खरोखरच मुलाला इजा केली नाही. त्याला कंदाहारला नेलं, आणि अस्करीच्या बायकोनं, सुलतानम बेगमनं, त्याला मायेनं सांभाळलं. पण हे त्या रात्री घोड्यावर बसलेल्या सोळा वर्षांच्या आईला कुठं ठाऊक होतं? गुलबदन इथं रडारड लिहीत नाही. घोडे किती होते, माणसं किती होती, एवढंच सांगते. ती जागा वाचताना मला नेहमी थांबावं लागतं.

त्यानंतरची रात्र बर्फातली. भूक लागलेली, शिजवायला भांडं नाही. एक घोडा मारला, आणि त्याचं मांस लढाईच्या शिरस्त्राणात शिजवलं. त्या सगळ्या जमावात बायका दोनच होत्या. हमीदा, आणि हसन अली नावाच्या सेवकाची बलुची बायको. पुढं बलुच टोळीनं त्यांना अडवलं तेव्हा त्यांची भाषा कळणारी ती बाईच कामाला आली. बलुच सरदाराला हुमायूनला पकडण्याचा हुकूम होता. पण दारी आलेल्याला धरून देणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. त्यानं त्यांना आपल्या हद्दीबाहेर सुखरूप पोचवलं.

मग इराण. शाह तहमास्पनं हेरातच्या सुभेदाराला पाठवलेला हुकूम अबुल फज़लनं दिला आहे. पाहुण्यांची रोटी दुधात आणि लोण्यात मळलेली असावी, तिच्यात बडीशेप आणि खसखस असावी, इथपर्यंत त्यात लिहिलंय. काही महिन्यांपूर्वी शिरस्त्राणात शिजवून खाणारी ही माणसं! परत निघण्यापूर्वी आणखी एक प्रसंग घडला. हुमायूनजवळचे माणकांचे खडे चोरीला गेले. ते कुठं ठेवलेत हे त्याच्याखेरीज फक्त हमीदाला माहीत होतं. तिनं आपल्या भावाला कामाला लावून चोर शोधून काढले. राजाची सारी दौलत एका छोट्या पिशवीत मावत होती, आणि त्या पिशवीची माहिती दोघांपुरती होती.

१५४५ मध्ये इराणी फौजेच्या मदतीनं हुमायूननं आधी कंदाहार आणि मग काबूल घेतलं. हमीदा मागून काबूलला आली. अबुल फज़ल सांगतो, की बायकांच्या घोळक्यात बसलेल्या आईला तीन वर्षांच्या अकबरानं बरोबर ओळखलं आणि तिच्या कुशीत शिरला. दरबारी इतिहासकाराला त्यात दैवी चिन्ह दिसलं. मला त्यात दोन वर्षं दिसतात, जी त्या आईला कुणी परत देऊ शकत नव्हतं.

शाळेच्या पुस्तकात हा सगळा काळ एका ओळीत येतो. हुमायून इराणला पळून गेला आणि मदत घेऊन परत आला. ओळ खोटी नाही. पण ती राज्याची ओळ आहे. संसाराच्या बाजूनं पाहिलं तर वेगळंच दिसतं. आग्र्याच्या महालात हमीदा आली असती, तर अनेक बेगमांतली एक झाली असती, आणि अंगरख्याच्या टोकाला हात लागणार नाही ही तिची भीती खरी ठरली असती. राज्य गेलं, घोडे गेले, भांडीसुद्धा गेली, तेव्हा तो माणूस तिच्या हाताच्या अंतरावर आला. तिचं मागणं वाटेनं पुरं केलं. किंमतही वाटेनंच वसूल केली, आणि ती लेकराच्या रूपानं. हिंडण्यातल्या मोकळेपणाचं आपण फार कौतुक करतो. पण ज्यांना हिंडावंच लागतं, त्यांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी बरोबरच सांगाव्या लागतात.

हुमायून १५५६ साली दिल्लीत जिन्यावरून पडून गेला. हमीदा त्यानंतर ४८ वर्षं जगली, मुलाचं साम्राज्य उभं राहिलेलं तिनं पाहिलं. तिच्या संग्रहात रामायणाची एक सचित्र फारसी प्रत होती, १५९४ सालची. आज ती कतारमध्ये दोह्याच्या इस्लामी कलेच्या संग्रहालयात आहे. नवऱ्यामागून वनात गेलेल्या सीतेची चित्रं पाहताना या म्हातारीच्या मनात काय येत असेल, ते तिनं लिहून ठेवलेलं नाही.

१६०३ मध्ये गुलबदन शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा हमीदा उशाशी होती. तिनं नणंदेला नेहमीच्या लाडक्या नावानं, ‘जीऊ’ म्हणून हाक मारली. उत्तर आलं नाही. मग ‘गुलबदन’ म्हणाली, तेव्हा तिनं डोळे उघडले. पुढच्या वर्षी हमीदाही गेली. दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यात तिला दफन केलं. ती इमारत पाहायला गेलात, तर राजाबरोबर या बाईचीही आठवण ठेवा. तिनं चाळीस दिवस नाही म्हटलं होतं, आणि एकदा हो म्हटल्यावर सिंधपासून इराणपर्यंत साथ दिली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)