टॉस१७ : भातातले उडते जनुक

‘उडती जनुके’ म्हणजे ट्रान्सपोझॉन, जनुकसंचात जागा बदलणारे डीएनएचे तुकडे. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी ते मक्यात शोधले. त्याबद्दल १९८३ साली त्यांना नोबेल मिळाले.

एरवी हे तुकडे गप्प असतात. वनस्पती त्यांच्यावर मिथाइल गट चढवते: डीएनएचा अक्षरक्रम तोच राहतो, वाचन थांबते.

हा पहारा ढिला पडला की काय होते, ते भातात फार स्पष्ट दिसते. ‘निप्पोनबारे’ या जपानी वाणात टॉस१७च्या मूळ प्रती अवघ्या दोन. १९९६ साली हिरोहिको हिरोचिका आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ऊतिसंवर्धनात टॉस१७ जागे होते आणि आरएनएमार्फत आपल्या नकला इतरत्र घुसवते. संवर्धन लांबेल तशा नकला वाढतात. तयार झालेल्या रोपांत ५ ते ३० नव्या प्रती आढळल्या. पुढे सातव्या गुणसूत्रावरच्या प्रतीवरील मिथाइल गट कमी झाल्याने हे घडते, हेही उलगडले.

रोप उभे राहिले की टॉस१७ पुन्हा थंडावते, घुसलेल्या प्रती मात्र बियांतून पुढच्या पिढ्यांत उतरतात. ऊतिसंवर्धित रोपांत अनपेक्षित बदल का दिसतात, याचे एक ठोस कारण त्यातून हाती आले. आणि जपानी संशोधकांनी त्याचे सोने केले! अशा सुमारे ५० हजार वंशावळी वाढवून, कोणते जनुक मोडले की भातात काय बिघडते, ते त्यांनी तपासले.