ठाण्याचे चार साधु



जुन्नरहून नाणेघाटाच्या तोंडाशीं जाऊन उभें राहिलें म्हणजे सारें कोंकण पायांखालीं पसरलेलें दिसतें. ह्या घाटांतील पाण्याचें एक टांकें सोपाऱ्याच्या गोविंददासानें दिल्याचा प्राचीन लेख आहे. इरिल नांवाच्या यवनानें दोन टांकीं दिल्याची नोंद जुन्नरच्या लेण्यांत आहे. परक्यानें येऊन पाणी द्यावें, ही आमच्या ह्या वाटेची जुनी रीत! जुन्नर व आंबेगांव ह्या तालुक्यांतील मुलांना इतिहास शिकवितांना त्याच सोपाऱ्याची एक निराळी हकीगत मला नेहमीं आठवे. तीच आज सांगतों.

इ. स. १३२१ चें साल. ठाणें तेव्हां दिल्लीच्या सुलतानाच्या अमलाखालीं होतें. चीनला जावयास निघालेले फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती साधु तेथें उतरले. तोलेंतिनोचा तोमास, पादुआचा जेकब, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री, हीं त्यांचीं नांवें. त्यांना कोल्लमला जावयाचें होतें; पण गलबत ठाण्यास लागलें. तोमास वृद्ध होता. चीनमधील ख्रिस्ती मठाची वार्ता घेऊन १३०७ मध्यें पोपकडे गेलेला तो हाच. त्यांचा सोबती जोर्दानुस भडोचकडे निघून गेला. हे चौघे एका नेस्तोरी ख्रिस्ती कुटुंबांत राहिले.

त्या घरीं नवराबायकोचें भांडण झालें. नवऱ्यानें मारलें म्हणून बाई काजीकडे गेली आणि साधूंना तिनें साक्षीदार सांगितलें. पीटर सामानापाशीं राहिला, तिघे गेले. साक्ष बाजूला राहून धर्माचा वाद निघाला. पैगंबराविषयीं तुमचें मत काय, असें काजीनें विचारलें. तोमासनें प्रथम उत्तर टाळलें. पण पुनःपुन्हा विचारल्यावर मनांत होतें तें तो बोलून गेला. ९ एप्रिल रोजीं तिघांचा वध झाला आणि ११ तारखेस पीटरचा.

ही वार्ता ऐकून जोर्दानुस परतला. त्यानें ते देह सोपाऱ्यास नेऊन तेथील ख्रिस्ती देवळांत पुरले.

येथें शिक्षकाच्या नात्यानें एक इशारा दिला पाहिजे. ही हकीगत एकाच बाजूची आहे. जोर्दानुस त्या वेळीं हजर नव्हता. ओदोरिक हा साधु तर मागाहून आला, आणि त्याच्या वृत्तांतांत अग्नीनें देह न जळल्यासारखे चमत्कार आहेत. काजीची बाजू काजीच्या तोंडून आपणांस कोणीं सांगितलेली नाहीं. मात्र ज्या मलिकानें हा वध करविला त्याला सुलतानानें शासन केलें, असें ओदोरिकच लिहितो. म्हणून एका माणसाच्या क्रौर्याचा दोष साऱ्या समाजाच्या माथीं मारणें, हा इतिहास नव्हे.

मला विचारांत पाडते ती दुसरीच गोष्ट. हे तिघे वाद घालावयास गेले नव्हते. मार खाल्लेल्या एका बाईची साक्ष द्यावयास गेले होते. गप्प बसते तर कदाचित् वांचते. पण जी गोष्ट मनांत नाहीं ती जिभेवर आणणें त्या वृद्धाला जमलें नाहीं. त्याचें मत आपणांस पटो वा न पटो, ह्या निष्ठेपुढें मान लवते.

पुढें १८९४ सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं तोमासच्या पूजनास मान्यता दिली. पण त्याआधींच एक गोष्ट घडून गेली होती. ओदोरिकानें सोपाऱ्याहून त्या अस्थि उचलल्या आणि समुद्रमार्गें चीनच्या झैतून बंदरीं नेल्या. ज्या देशाची वार्ता तोमासनें युरोपास दिली आणि जेथें जाण्यासाठीं तो निघाला, तेथें तो अखेर पोंचला. पण असा पोंचला.